ट्रायकोडर्मा पावडर: निवलेल्या कंपोस्टात वाढवून घ्या, मग गुण येतो

गादीवाफ्यावर टोमॅटो-मिरचीची रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडायची, म्हणून ट्रायकोडर्मा व्हिरिडी या रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची एक किलोची पिशवी घेतली. लेबलवर बुरशीची जात, ग्रॅममागे 20 लाख जिवंत बीजाणू आणि वापराची अंतिम तारीख असं सगळं स्वच्छ छापलेलं होतं. हे घेताना आधी तारीखच बघावी. आत जीव आहे. मुदत संपलेली किंवा उन्हात तापलेली पिशवी म्हणजे नुसती भुकटी.

पावडर मी थेट मातीत टाकली नाही. कंपोस्टचा ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो, तेव्हा मिसळली तर ती टिकत नाही. ढीग हाताला गार लागायला लागल्यावर 100 किलोला एक किलो मिसळली, पाणी शिंपडलं आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलं. काही दिवसांतच पांढरे तंतू दिसले, मग त्यांच्यावर हिरवट थर चढला. गोणपाट उचललं की ओल्या खोबऱ्याचा वास येतो. हा वास आला की माल जिवंत आहे, असं मी खुशाल धरते.

कंपोस्ट पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या काडीकचऱ्यात सेल्युलोज भरपूर असतं. ट्रायकोडर्मा तेच खात बसते आणि रोपं कोलमडवणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीकडे फिरकतही नाही. कुजलेल्या खतात मात्र ती रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते, कायटिनेजसारखी विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि आतलं शोषून घेते. एवढी महत्त्वाची गोष्ट, पण सोबतच्या पत्रकात फक्त ‘शेणखतात मिसळून वापरा’ एवढी एक ओळ! कंपनीने हे सुधारायलाच हवं.

परिणाम शेजारशेजारच्या वाफ्यांत दिसला. साध्या खताच्या वाफ्यात रोपांचे ठिकठिकाणी खळगे पडले. ट्रायकोडर्माच्या वाफ्यात तुरळकच रोपं गेली आणि उपटून पाहिलं तर मुळं पांढरी, दाट होती. मात्र माना टाकलेली रोपं यानं उठत नाहीत, लागवडीआधीच वापरायला हवं. पानांवरच्या करप्याला मातीतलं हे खत पुरं पडत नाही. आणि त्याच वाफ्यात कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली, तर ही बुरशीसुद्धा मरते.

पुढच्या रोपांसाठी हीच पिशवी घेणार आहे. जुना ढीग आधीच निवत ठेवलाय.