अकरा महिन्यांनंतर हवा-मीटर: पीएम १० ची ओळ झाकून ठेवा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेदहा वाजता नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गॅलरीतून फटाक्यांच्या धुरात समोरची इमारत दिसेना, आणि हवेतले कण मोजणारा घरगुती मीटर पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) दाखवत होता ४. हिरवा रंग, खाली ‘उत्तम’. कानाला लावला तर आतल्या पंख्याचा आवाजच नाही. पंखा हवा आत ओढतो आणि लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावरून मीटर आकडा काढतो. पंखा अडकला की लेझरसमोर नवी हवा येत नाही, आतले कण खाली बसतात आणि आकडा शून्याकडे सरकतो. म्हणजे यंत्र बंद पडलं तरी ‘बिघाड’ असं न म्हणता ‘हवा स्वच्छ आहे’ म्हणतं. घरात दम्याचं माणूस असेल तर हे सरळ धोक्याचं आहे. आठवड्यातून एकदा पंखा कानाने ऐका, आणि हातभर अंतरावर उदबत्ती धरून आकडा चढतोय का ते बघा.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: सेन्सर सुटा मिळणार नाही, पूर्ण मीटर बदला, आत धूळ गेली म्हणून वॉरंटीही लागू नाही. धूळ मोजायला विकलेल्या यंत्राला हे कारण लावणं अजिबात मान्य नाही. मागचे चार स्क्रू काढले की ५० × ३८ × २१ मिलिमीटरची निळी डबी दिसते, तोच सेन्सर. तीच डबी ऑनलाइन मिळाली, मीटरच्या किमतीच्या जेमतेम चौथ्या हिश्शात. आठ तारांचा बारीक कनेक्टर असतो. तारांना न ओढता प्लास्टिकला नखाने धरून सरळ काढायचा. जुन्या डबीच्या पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर होता आणि आसाशी एक केस गुंडाळलेला. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असताना ही डबी चोवीस तास चालू होती, दुसरं काय होणार? अशा स्वस्त लेझरचं आयुष्य साधारण ८,००० तास धरतात, म्हणजे सतत चालवला तर ३३३ दिवस. अ‍ॅपमध्ये मोजणी मुळात ‘सतत’ वर असते. ती पाच मिनिटांतून एक मिनिट करा. पंखा सुरू झाल्यावरचे पहिले ३० सेकंद आकडा स्थिर नसतो, तेवढे सोडून द्या. महिन्यातून एकदा कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने हलकी फुंकर मारा. कॉम्प्रेसर नको, पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

डिसेंबर-जानेवारीत या मीटरबद्दल मत फार चांगलं होतं. गंगापूर रोडच्या सरकारी हवा-मोजणी केंद्राचा आकडा आणि याची २४ तासांची सरासरी जोडीने चढत-उतरत होती. थंडीत गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि कचरा जाळल्याचा धूर खालीच कोंडतो. रात्री नऊनंतरचा तो चढ मीटर नेमका पकडायचा. जुलैत मत बदललं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात, आणि मीटर त्यालाच प्रदूषण समजतो. सरकारी केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं, आत येणारी हवा तापवून ओल कमी करतं आणि पट्टीवर साठलेल्या धुळीतून किरण किती अडले त्यावरून वस्तुमान काढतं. स्वस्त मीटरमध्ये ही तापवण्याची सोयच नाही.

पण खरी तक्रार पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांच्या आकड्याची. तो आकडा मोजलेला नसतोच. ही डबी सुमारे ०.३ ते १ मायक्रॉनचे कण नीट बघते. ५-१० मायक्रॉनची जाड धूळ आतल्या वळणांवरच आपटते, लेझरपर्यंत क्वचितच पोहोचते. मग पीएम २.५ वरून अंदाज बांधून पीएम १० छापला जातो. सकाळी समोरचा कोरडा रस्ता खराट्याने झाडतात, कठड्यावर बोटाने रेघ उठते, आणि त्या वेळी मीटरवरचा पीएम १० फक्त ४८ वरून ५३ वर जातो. एवढंच. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या सुमारे १३० शहरांत आहे आणि त्या कार्यक्रमाचं लक्ष्यच पीएम १० वर होतं: २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत घट. आपल्या शहराचा मुख्य त्रास रस्त्याची धूळ, आणि नेमकी तीच या यंत्राला दिसत नाही. म्हणून पडद्यावरच्या त्या ओळीवर चिकटपट्टी लावली आहे.

याच कारणाने अ‍ॅपमधली ‘देशातली शहरं’ ही क्रमवारी बघू नका. यंत्र सगळीकडे सारखंच चुकलं असतं तर तुलना तरी जमली असती. पण पावसाळ्यात मुंबईत ते फुगवून सांगणार आणि जोधपूरच्या वाळूत कमी सांगणार. त्यात मापपट्टी अमेरिकेची. पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात (AQI) १०० येतात, ‘समाधानकारक’ची वरची हद्द, अमेरिकी पट्टीवर तेच साधारण १५४, लाल. शिवाय अ‍ॅप आत्ताचा क्षण दाखवतं, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं दुपारी चारचं पत्रक मागच्या २४ तासांची सरासरी देतं.

नाशिक-पुणे-नागपूर ताडून बघायचंच असेल तर ते पत्रक घ्या, निर्देशांकाशेजारी मुख्य प्रदूषक कोणता लिहिलाय तो वाचा, आणि किती केंद्रांची सरासरी आहे ते बघा. दिल्लीत चाळीसच्या आसपास केंद्रं, आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. एका शहराचा आकडा पीएम १० मुळे आणि दुसऱ्याचा ओझोनमुळे आला असेल तर ती तुलना नव्हेच.

पाचपैकी तीन तारे, तेही फक्त पीएम २.५ साठी. खिडकी कधी उघडायची, पहाटे फिरायला जायचं की उन्हं आल्यावर, हे मीटर नीट सांगतो. तो पावसापासून आडोशाला, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून आणि देवघरापासून लांब, हवेचं तोंड खाली करून टांगा.