गुंता सुटायला हवा, तर बाटलीची मागची बाजू वाचा

गुंता सुटतो तो बुळबुळीतपणामुळे. केसावरून केस घसरला पाहिजे, एवढीच कंडिशनरकडून अपेक्षा. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत बाटल्या बघाल तर पुढच्या बाजूला बदाम, अंडं, कांदा, केराटिन असं काय काय लिहिलेलं असतं. त्यातलं बहुतेक गुंत्याच्या कामाचं नाही. कामाचं असतं ते मागच्या बारीक अक्षरांत.

धुतलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. उन्हानं, रंगानं, स्ट्रेटनिंगनं खराब झालेल्या टोकांवर तो जास्त. म्हणून धन भार असलेला घटक नेमका तिथंच जाऊन चिकटतो आणि केस गुळगुळीत करतो. यादीत ही नावं शोधा: बिहेन्ट्रिमोनियम क्लोराइड, बिहेन्ट्रिमोनियम मेथोसल्फेट, सेट्रिमोनियम क्लोराइड, स्टिअरामिडोप्रोपाइल डायमिथाइलअमाइन. गुंत्यासाठी यांतली बिहेन्ट्रिमोनियमची दोन्ही रूपं सर्वांत चांगली. सेट्रिमोनियम हलकं आहे, बारीक आणि तेलकट केसांना ते पुरतं. ‘मेथोसल्फेट’ बघून बाटली परत ठेवू नका. शाम्पूतलं फेस करणारं सल्फेट वेगळं, याचा त्याच्याशी संबंध नाही. तसंच सीटाइल किंवा सीटेराइल अल्कोहोल. हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत, त्यांनी केस कोरडे पडत नाहीत; उलट कंडिशनरला जाडी आणि घसरण त्यांच्यामुळेच येते.

धन भाराचा एक घटक, सीटेराइल अल्कोहोल आणि अमोडायमेथिकोन (केस गुळगुळीत करणारं एक सिलिकोन) ही तिन्ही नावं यादीत सुगंधाच्या आधी दिसली, तर तो कंडिशनर घ्यायला हरकत नाही, मग तो स्वस्तातला का असेना. डव, सनसिल्क, ट्रेसमे निपाणी-खानापूरच्या जनरल स्टोअरमध्येही मिळतात. कंपन्या घटक बदलत राहतात, म्हणून नेहमीची बाटली घेतानाही यादीवर नजर टाका. लांब केसांना एक साशे पुरत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन चहाचे चमचे, कमरेपर्यंत असतील तर पाच-सहा.

लावण्याची पद्धत चुकली तर चांगला मालही वाया जातो. शाम्पूनंतर केस हातानं दाबून पाणी काढा, नाहीतर कंडिशनर पाण्याबरोबर मोरीत जातो. कानाच्या खालून टोकांपर्यंत लावा. दोन-तीन मिनिटं थांबून आधी बोटांनी मोकळे करा, मग रुंद दात्यांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर, चार-चार बोटांच्या टप्प्यानं. गाठीच्या वर केस मुठीत धरले की मुळाला ओढ बसत नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून सरळ केस कंडिशनर असताना बोटांनीच मोकळे करा, कंगवा थोडे सुकल्यावर फिरवलेला बरा. कुरळे मात्र कंडिशनर असतानाच सोडवायचे. शाम्पू आणि कंडिशनर हातावर एकत्र करू नका. दोघांचे भार विरुद्ध असल्यानं ते एकमेकांनाच चिकटतात, केस नीट धुतले जात नाहीत आणि मऊही होत नाहीत.

कंडिशनरमध्ये घालायच्या वस्तूंत आमची पहिली पसंती जवसाला. चटणीसाठी घरात ते असतंच. फक्त भाजलेलं नको, कच्चं घ्या. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात ते दहा मिनिटं उकळा, सारखं ढवळत. पळीवरून तार पडायला लागली की लगेच उतरवून गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. इथंच बहुतेकांचं चुकतं: गार झालं की ते इतकं घट्ट होतं की कापडातून उतरतच नाही. दोन भाग कंडिशनरला एक भाग जवसाचा गर, लागेल तेवढाच वाटीत कालवायचा. बाटलीत ओतून ठेवू नका, कंडिशनरमधलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि बुरशी धरते. उरलेला गर फ्रीजमध्ये आठवडाभर चालतो, वास बदलला की फेकून द्या. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करूनही असाच बुळबुळीत रस निघतो, पण दोनदा गाळायला हवा. पानाचे तुकडे अडकले तर गुंता वाढतोच. शिकेकाईच्या भरड पुडीचंही तेच.

खोबरेल न्हाण्याआधी अर्धा तास लावलं तर धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. कंडिशनरमध्ये मिसळायचं तर पाव चमच्याच्या वर नको. एरंडेलाबद्दल मात्र सावध राहा. ते इतकं चिकट आहे की लांब केस त्यानं घट्ट जटेसारखे आवळले गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. लिव्हॉन, स्ट्रीक्स यांची सीरम सिलिकोनची असतात. शाळेला जाणाऱ्या मुलींच्या मानेवर, कॉलरला घासून होणाऱ्या गाठींना त्यांचे दोन-तीन थेंब पुरतात. ग्लिसरीन असलेले फवारे खानापूरच्या पावसात नकोत, हवेतला ओलावा ओढून केस फुगतात. अंडं आणि दही यांनी घसरण फारशी येत नाही. खाण्याचा सोडा तर लावूच नका, तो अल्कधर्मी आहे, केसावरचे खवले उघडतात आणि घर्षण वाढतं.

एवढं करूनही केस खरखरीत राहत असतील तर पाणी बघा. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते सहसा बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ. बोअरवर असाल आणि बंबात, हंड्यात पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. त्यात साबणानं केस धुतले की चुन्यासारखा मळ केसावर बसतो. अशा घरी साबण सोडून शाम्पू घ्या. मग एका लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्धं लिंबू पिळून, गाळून केसांवरून ओता. मिनिटभरानं साध्या पाण्यानं धुवा आणि त्यानंतर कंडिशनर लावा. शेवटचा तांब्या उकळून, गार करून, निवळलेल्या पाण्याचा घेतला तर आणखी फरक पडतो.

कंगवा घेताना दात्यांच्या मधून नख फिरवा. साच्यातल्या प्लास्टिकची धार लागली तर तो घेऊ नका, ती धार केसाला प्रत्येक वेळी खरवडते.