सागवानी माडी की लॅमिनेटचा फ्लॅट? खानदेशात लाकडी जमिनीचे घर भाड्याने घेताना

अमळनेर, चोपडा, शहादा यांसारख्या गावांत लाकडी जमिनीचे घर भाड्याने घ्यायचे म्हटले, तर साधारण दोन प्रकार समोर येतात. एक म्हणजे जुन्या पेठेतील वाड्याची माडी, जिथे सागवानी तुळयांवर जाड फळ्या ठोकलेल्या असतात. दुसरा म्हणजे नव्या कॉलनीतील फ्लॅट, ज्यात मालकाने ‘वुडन फ्लोअरिंग’ बसवून घेतलेले असते. दोन्ही जमिनींची खरी परीक्षा पाण्याने होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात हे पाणी कूलरच्या वाटेने घरात येते. म्हणून रंग आणि चकाकी पाहण्याआधी कूलर कुठे ठेवणार, हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लॅटमधले फ्लोअरिंग बहुधा लॅमिनेटचे असते. लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाडीचा बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक कठीण थर, अशी त्याची रचना असते. पिळलेल्या फडक्याने पुसल्यास त्याला काही होत नाही. परंतु सांध्यात पाणी मुरले की आतला बोर्ड फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. आम्ही अशा फ्लॅटमध्ये राहत असताना कूलरच्या टाकीतून रात्रभर पाणी ठिबकले. सकाळी पुसून घेतले तेव्हा काहीच जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र खिडकीजवळच्या चार पट्ट्यांच्या कडा वर आल्या आणि अनवाणी पायाला टोचू लागल्या. लॅमिनेट रंधून सपाट करता येत नाही, पट्टीच बदलावी लागते; त्या रंगाची पट्टी कुठे मिळाली नाही आणि पूर्ण खोलीचा खर्च आमच्या डिपॉझिटमधून वळता झाला.

सागवानाचे तसे नाही. त्यात नैसर्गिक तेल असल्यामुळे त्याचा गाभा ओलीला आणि वाळवीला सहज बधत नाही. उन्हाळ्यात फळ्या आकसून मधे फटी पडतात, पावसाळ्यात त्या पुन्हा मिटतात. तो लाकडाचा धर्म आहे, दोष समजू नये. ओरखडे पडले तर घासून पॉलिश करता येते. मात्र तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात, तिथे नीट पाहावे, कारण छताची गळती मुरते ती तिथेच. मातीच्या बारीक रेघा दिसल्या किंवा बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी लागलेली असण्याचा संभव मोठा. शिवाय माडीवर खलबत्ता कुटला की खालच्या बिऱ्हाडात धमक जाते, फटींतून धूळ खाली झरते, आणि संडास-मोरी अनेकदा खाली चौकात असते. घरात वृद्ध असतील तर रात्रीचा तो अरुंद जिना हीच मोठी अडचण ठरते.

घरात रांगते मूल असेल, किंवा उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडून आडवे होण्याची सवय असेल, तर दोन्ही सोडून शहाबादी फरशीचे साधे घर पाहावे. लाकूड पायाला उबदार लागते, आणि खानदेशात वर्षाचे कितीतरी महिने ती ऊब नकोशीच असते.

कराराबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो, तो म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यातच जमिनीची आजची स्थिती लिहून घ्यावी: न्हाणीघराच्या दारापाशी आणि खिडकीखाली तळहात फिरवून कडा तपासाव्यात, मालकाच्या समक्ष फोटो काढावेत. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवण्याची परवानगीही त्याच करारात असावी. मालक ती देत नसेल, तर लॅमिनेटचा फ्लॅट कितीही मनात भरला तरी मी तो घेणार नाही.