गुलमर्गला स्कीइंग: बूट बघून घ्या

आम्ही परभणीचे पाच मित्र फेब्रुवारीत आठवडाभर गुलमर्गला होतो. उन्हाळ्यात ४४ डिग्रीत शिजणारी माणसं, बर्फ म्हणजे उसाच्या रसातला तेवढा माहीत.

हॉटेल ठीक. गरम पाणी सकाळी तासभरच. तिसऱ्या दिवशी एकानं घरची शेंगदाण्याची चटणी काढली तेव्हा राजमा-भात घशाखाली उतरला.

खरी तक्रार स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानाची. माझा पाय ८ नंबरचा, गड्यानं ९ चा बूट दिला. "दो मोजे पहन लो." लई चुकलं. टाच आतल्या आत उचलली जायची, स्की काही वळायची नाही. बूट टाचेला घट्ट अन् नडगी पुढं टेकलेली पाहिजे, हे उस्तादांनी, म्हणजे स्की शिकवणाऱ्यानं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. बदलून मागितला तर वेगळे पैसे!

उस्ताद मात्र शंभर नंबरी. दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी होतो. त्याला ते "पिझ्झा" म्हणतात. आमच्यातला एक पिझ्झा विसरला अन् थेट कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, विकणाऱ्याच्या अंगावर गेला.

गोंडोलाचा (डब्यांच्या रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगरावर, साधारण ३,९५० मीटरवर. वाऱ्यामुळं दुसरा तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी वर गेलो, उतार बघितला अन् गुपचूप त्याच डब्यात बसून खाली आलो. तिथं हिमस्खलन होतं, नवख्यानं नादी लागू नये.

उस्तादांना पाच, हॉटेलला तीन, बुटाच्या दुकानाला शून्य. अंगठ्याचं नख अजून काळंच आहे.