आधी एमबीए की आधी फिरती?
मार्केटिंग मॅनेजर व्हायचंय, तर पदवीनंतर थेट एमबीए की आधी सेल्सची फिरती? एमबीएला 2 वर्षं आणि बराच पैसा जातो, पण मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या (स्थापना 1965) संस्थेतून कॅम्पसमधूनच चांगली नोकरी मिळू शकते. फिरतीत पगार बेताचा, महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर.

तरी माझा कौल फिरतीलाच. किराणा दुकानात अर्धा तास नुसतं उभं राहा. बाई म्हणतात, "नेहमीचा साबण द्या", दुकानदार जास्त मार्जिनचा दुसराच पुढे सरकवतो. त्या तो पिशवीत टाकतात की परत देतात, तिथे ब्रँडची किंमत कळते. एमबीए झालेल्यांनाही अनेक कंपन्या सुरुवातीला याच दुकानांत पाठवतात. मी म्हणेन, 2-3 वर्षं फिरा, मग एमबीएची प्रवेश परीक्षा, सीईटी द्या.