रेशन दुकानातली अंगठ्याची केवायसी (ओळख पडताळणी), शिरपूर तालुका: 5 पैकी 2 स्टार

माझ्या आजीला घेऊन तीनदा गेलो, तिन्ही वेळा मशीनवर लाल लाईट. आयुष्यभर कापूस वेचला तिने, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. दुकानदार ओला फडका देतो, बोट पुसायला लावतो, परत दाबा परत दाबा, मागे लाईन वाढत जाते आणि आजी विचारते, "मनं बोट खराब व्हई गयं का रे भाऊ?" तेव्हा खरंच पोटात तुटलं.

एक स्टार दुकानदाराला, माणूस चांगला आहे, कोणावर खेकसत नाही. दुसरा स्टार ह्यासाठी की मोबाईलवर मेरा ई-केवायसी ॲपमधून चेहरा दाखवून काम होतं, आजीचं शेवटी तसंच झालं, घरी, ओट्यावर बसून, पाच मिनिटांत. पण हे आधी कोणी सांगितलंच नाही, ना बोर्ड ना काही! ज्यांच्या घरात स्मार्टफोनवाला पोरगा नाही त्यांनी काय करायचं?

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्या खान्देशात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. मग आपल्याच म्हाताऱ्या माणसांना आपण कोण आहोत हे दर वेळी मशीनला पटवून द्यावं लागतं, हे मला अजिबात पटत नाही. धान्य तिचा हक्क आहे, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला.

ॲपवरून करणार असाल तर आधी आधारला मोबाईल नंबर लिंक आहे का बघा, ओटीपी त्यावरच येतो.