वैरेंगटे की गुलमर्ग, लष्कराचं कोणतं ट्रेनिंग जास्त टफ?
काल नागपूरच्या सदरला चहा पिता पिता मित्र म्हणून राहिला होता का जंगलातलं ट्रेनिंगच सगळ्यात टफ. मले नाही पटत. मिझोरामच्या वैरेंगटेत लष्कराच्या जंगलयुद्धाच्या शाळेत १९७० पासून जवानाला गनिमासारखंच लढायला शिकवतात, झाडीत दबा धरणं, पाऊस, जळवा, म्हणजे दम अन् डोकं दोन्ही लागतं, पण तिथं श्वास तरी पुरतो ना भाऊ! उंचावर तसं नाही. ९,००० फुटांच्या वर आधी ६ दिवस, मग १२,००० च्या वर ४, १५,००० च्या वर अजून ४ दिवस नुसतं शरीर सरावायचं, घाई केली की फुप्फुसात पाणी, मग कितीही पहेलवान असो. अशा उंचावरच्या लढाईचं ट्रेनिंग देणारी लष्कराची गुलमर्गची शाळा १९४८ ची, बर्फात चढणं, स्कीइंग वगैरे. आपण ४५ डिग्रीवाले नागपूरकर, त्यामुळं माझं मत गुलमर्गलाच.